सुटले, पण घरी पोहोचले काय?

तहावर सह्या झाल्या म्हणजे युद्ध संपले, असे इतिहासाची पाठ्यपुस्तके सांगतात. व्यवहारात त्या दिवशी युद्ध संपते ते सेनापतींपुरते व मुत्सद्द्यांपुरते. रणांगणावर जो पडला त्याच्या घरी दुखवट्याचे पत्र जाते. जो जखमी झाला तो इस्पितळाच्या खाटेवर का होईना, आपल्या माणसांच्या दृष्टीस पडतो. परंतु जो शत्रूच्या हाती सापडला, त्याचे युद्ध तो स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडीपर्यंत चालूच असते. अशा बंदिवानास घरी आणणे हे दयेचे काम की त्याचा हक्क, ते कोणी करावयाचे, कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत, या प्रश्नांची चर्चा आमच्याकडे फारशी होत नाही. ती झाली पाहिजे, आणि पुणेकरांनी तर ती अगत्याने केली पाहिजे. कारण पहिल्या महायुद्धातील ज्या फौजेच्या बंदिवासाने हा प्रश्न हिंदुस्थानासमोर प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा केला, त्या फौजेचे नावच मुळी 'पूना डिव्हिजन' असे होते.

ही सहावी पूना डिव्हिजन १९१४ च्या नोव्हेंबरात इराणच्या आखाताच्या टोकाशी उतरली, बसरा घेऊन टायग्रिस नदीच्या काठाने वर चढत गेली, आणि १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे क्टेसिफोन येथे तिची चढाई मोडल्यावर मागे हटून कूत-अल-अमारा या नदीकाठच्या गावी अडकून पडली. तुर्कांचा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपले, घोडी व खेचरे मारून खाण्याची पाळी आली, सोडवणुकीस आलेली कुमक वाटेतच रक्तबंबाळ झाली, आणि अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड याने शरणागती पत्करली. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. आमच्या खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या कंपन्याही होत्या. म्हणजे देशावरच्या व कोकणातल्या शेकडो घरांचे कर्ते पुरुष त्या एका दिवसात परमुलखात बंदिवान झाले.

योगायोग असा की, त्याच्या आदल्याच दिवशी, २८ एप्रिल १९१६ रोजी, लोकमान्य टिळकांनी बेळगावास होमरूल लीगची स्थापना केली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तेव्हा कोणी जोडला असो वा नसो, तो आहे. ज्या राष्ट्राची मुले परदेशी लढावयास पाठविली जातात, त्या राष्ट्रास ती कोठे पाठविली, कशी पाठविली आणि परत केव्हा येणार, हे विचारण्याचा अधिकार नसेल, तर त्या मुलांचा वाली कोण? विलायत सरकारने नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनने १९१७ साली स्पष्ट नमूद केले की, नदीवर पुरेशा आगबोटी नव्हत्या, जखमींच्या ने-आणीची सोय धड नव्हती, आणि तरीही चढाई पुढे रेटली गेली. त्या अहवालापायी भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यास राजीनामा द्यावा लागला. माणसे आणण्याची सोय न पाहता माणसे पाठविणे हा त्या मोहिमेचा मूळ दोष होता; आणि जी गोष्ट जातानाची, तीच येतानाची.

शरणागतीच्या वेळचा सरकारी हिशेब असा आहे : २७७ इंग्रज अधिकारी, २०४ हिंदी अधिकारी, २,५९२ गोरे शिपाई, ६,९८८ हिंदी शिपाई, आणि ३,२४८ हिंदी नोकरचाकर, एकूण १३,३०९. हे आकडे वाचकांनी सावकाश वाचावेत. दर चार कैद्यांमागे तिघांहून अधिक हिंदी होते. आणि जवळजवळ चौथा हिस्सा असा होता की, ज्याच्या हाती शस्त्रच नव्हते. भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी, झाडूवाले अशी ही मंडळी. पानिपतापासून आपल्या भाषेत अशा लोकांस 'बुणगे' म्हणण्याची चाल आहे, आणि त्या शब्दात जो तुच्छभाव आहे, तो केवळ आपलाच नव्हे. जगातील सर्व फौजांच्या हजेरीपटात तो कमीअधिक प्रमाणाने मुरलेला असे.

शरणागतीनंतर सुमारे ११०० आजारी व जखमी लोकांची तेथल्या तेथे अदलाबदल होऊन ते नदीने खाली बसऱ्याकडे आले. बाकीच्यांची रवानगी उलट दिशेने झाली. अधिकारी व शिपाई यांची ताटातूट करण्यात आली. कैदी शुमरानच्या तळावरून बगदादपर्यंत शंभर मैल नेले, तेथून सामऱ्यापर्यंत आगगाडी, आणि सामऱ्यापासून पुढे तिक्रित, मोसुल, निसिबिन अशी वाळवंटातून पायी वाट. ती संपे रास-अल-ऐन येथे, जेथवर बगदाद रेल्वेचा लोहमार्ग त्या वेळी आला होता. आधीच वेढ्यातील उपासमारीने खंगलेले हे लोक. वाटेत जो मागे राहिला तो बहुधा कायमचाच मागे राहिला. जे पोहोचले त्यांपैकी गोऱ्या शिपायांस पुष्कळसे तौरस व अमानस पर्वतांतील बोगद्यांच्या कामावर लावले, आणि हिंदी शिपाई मुख्यतः रास-अल-ऐनच्या परिसरात तोच लोहमार्ग पुढे वाढविण्यास जुंपले गेले. बंगालच्या रुग्णसेवा पथकातील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हे या बंदिवासातून जिवंत परतले व त्यांनी पुढे 'अभी ले बगदाद' हे पुस्तक लिहिले, म्हणून हिंदी कैद्यांच्या बाजूने या दिवसांची एक साक्ष तरी शिल्लक आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या बंदिवासात सामान्य गोरा शिपाई हिंदी शिपायापेक्षा अधिक प्रमाणात मेला. शेकडा सत्तरांच्या आसपास गोरे शिपाई परत आलेच नाहीत. तेव्हा हा केवळ काळ्यागोऱ्याचा प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु हिंदी कैद्यांच्या बाबतीत एक निराळीच गोष्ट दिसते. त्यांपैकी सुमारे १,३०० लोक मेल्याचे ठाऊक आहे. आणि त्यांखेरीज हजाराहून अधिक लोक असे आहेत की, ते मेले की जगले याचा पत्ताच लागला नाही. सरकारने ते मेले असे 'गृहीत' धरले. मरण हे दैवाधीन म्हणता येईल. पण पत्ता न लागणे हे दैवाधीन नव्हे. जे नाव प्रथम नीट लिहून घेतलेले नसते, त्याचाच पत्ता लागत नाही.

आता सुटकेचा क्रम पाहा. १९१८ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानचा धीर सुटला, तेव्हा बंदिवानांपैकी पहिला कोण बाहेर पडला? खुद्द जनरल टाउनशेंड. शिपाई लोहमार्गावर खडी फोडीत असता, हे गृहस्थ कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर पाहुण्याच्या थाटाने राहिले होते. आणि तहाची बोलणी सुरू करून देण्याकरिता म्हणून तुर्कांनीच त्यांस मोकळे केले. ३० ऑक्टोबर रोजी मुद्रोस येथे युद्धतहकुबीचा करार झाला. त्याच्या चौथ्या कलमान्वये, दोस्तांचे सर्व युद्धकैदी कॉन्स्टँटिनोपल येथे गोळा करून बिनशर्त स्वाधीन करावयाचे होते. कलम वाचावयास उत्तम आहे. अनातोलियात ज्या छावण्यांत अधिकारी ठेवलेले होते, त्यांना ते सोयीचेही होते. पण तौरसच्या दक्षिणेस, निसिबिन व रास-अल-ऐनच्या बाजूस जो हिंदी मजूर-शिपाई पडला होता, त्याच्या दृष्टीने कॉन्स्टँटिनोपल म्हणजे घराच्या नेमकी उलट दिशा. त्याची खरी वाट हलब, सीरियाचा किनारा, इजिप्त आणि मग मुंबईची आगबोट अशी होती. कराराचे कलम एका खोलीत बसून लिहिता येते. पण आगगाडीचे डबे, कोळसा, कपडे, उवा मारण्याची व्यवस्था, डॉक्टर, जहाजावरची जागा आणि या सर्वांच्या आधी प्रत्येक माणसाच्या नावाची पावती, यांवाचून ते कलम म्हणजे कागदाचा कपटा होय.

आणि हे लोक घरी पोहोचले तेव्हा घर कसे होते? त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास बळी घेऊन गेली होती. वर पाऊस बुडून दुष्काळ पडला होता. अडीच वर्षे ज्याची वाट पाहिली तो आला, आणि वाट पाहणारेच नाहीसे झाले, असा प्रकार सातारा-रत्नागिरीकडच्या किती घरांत घडला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सरकारच्या दृष्टीने मुंबईच्या धक्क्यावर उतरविलेला कैदी 'परत केला' गेला. तेथून गावापर्यंत त्याची तब्येत, त्याचा थकलेला पगार, त्याच्या गहाण पडलेल्या जमिनी, यांचा विचार त्या हिशेबात बसत नव्हता.

नावाच्या या अनास्थेचे स्मारकच पुढे उभे राहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण सामान्य हिंदी शिपायांबद्दल, अमुक सुभेदार 'आणि इतर इतके हिंदी शिपाई' अशा धर्तीचा आकडाच घातला. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने नेमलेल्या विशेष समितीने २०२१ साली आपल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. म्हणजे ही गोष्ट आमच्या पदरची नव्हे. खडकीच्या युद्ध-दफनभूमीत जाऊन पाहावे. तेथे ओळीने उभ्या असलेल्या शिळांवर माणसाचे नाव, पलटण, मृत्यूचा दिवस नीट कोरलेला आढळतो. आणि आमच्या गावोगावी इंग्रज सरकारने लावलेल्या पाट्या पाहाव्यात : या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे; नाव नाही. आकड्यास मुंबईहून तिकीट काढून गावी पाठविता येत नाही.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहणे प्राप्त आहे. १९०७ च्या हेग येथील नियमांत, तह झाल्यानंतर युद्धकैद्यांस शक्य तितक्या लवकर स्वदेशी पोहोचवावे, असे विसावे कलम होते. आणि प्रत्येक पक्षाने कैद्यांविषयी माहितीची कचेरी उघडावी, असे चौदावे कलम होते. परंतु 'तह झाल्यानंतर' या दोन शब्दांत मोठी मेख होती. तुर्कस्तानशी टिकाऊ तह झाला तो लोझान येथे, १९२३ च्या जुलैत. म्हणजे शब्दशः अर्थ घेतला तर लढाई थांबल्यावर पावणेपाच वर्षे कैद्यांस अडकवून ठेवता आले असते. मुद्रोसच्या बाविसाव्या कलमाने दोस्तांनी तुर्की कैदी स्वतःच्या मर्जीप्रमाणे ठेवून घेतलेच. ब्रह्मदेशातील थायेटम्यो, मद्रास इलाख्यातील बल्लारी अशा ठिकाणी असलेले तुर्की शिपाई लढाई थांबल्यावरही अडकूनच राहिले. आपले कैदी बिनशर्त व तत्काळ, दुसऱ्याचे सवडीने, हा जेत्यांचा न्याय.

हाच प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. जर्मनीशी तह असा झालाच नाही. आणि त्या सबबीवर जर्मन कैदी वर्षानुवर्षे मजुरीस जुंपले गेले. रशियातून शेवटचे कैदी परतले ते १९५६ साली. या अनुभवावरून शहाणे होऊन १९४९ च्या जिनीव्हा करारात शब्द बदलण्यात आले. त्याच्या ११८ व्या कलमाप्रमाणे, प्रत्यक्ष लढाई थांबताच, तहाची वाट न पाहता, विनाविलंब कैद्यांची सुटका व पाठवणी झाली पाहिजे. तीबद्दल करार झालेला नसला तर ज्याच्या ताब्यात कैदी असतील त्याने स्वतःच योजना आखून ती अमलात आणली पाहिजे. आणि खर्चाची वाटणी झाली नाही या कारणावरून पाठवणी अडवून धरता येणार नाही. १२२ व्या कलमाने प्रत्येक राष्ट्रावर माहितीची कचेरी उघडण्याची सक्ती केली. भारताने १९५० साली हा करार मान्य केला व १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. तात्पर्य, घरी परतणे ही आता जेत्याची मेहरबानी राहिलेली नसून कैद्याचा कायदेशीर हक्क झालेला आहे.

या दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आमच्या माणसांची स्थिती किती सुधारली होती? २१ जून १९४२ रोजी आफ्रिकेत टोब्रुक पडले, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तेथे कैद झाली. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी सिंगापूर पडून हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती गेले होते. त्यांपैकी जे आझाद हिंद सेनेत शिरले त्यांची घरवाट लाल किल्ल्यातून गेली. जगन्नाथराव भोसले यांच्यासारखा त्या सेनेतील मराठी सेनानीही त्यातून सुटला नाही. जे शिरले नाहीत त्यांपैकी पुष्कळांस न्यू गिनीच्या जंगलांत हमालीस नेले. तेथे टिकून राहिलेल्या एका तुकडीतील अकरा जणांची सुटका १९४५ साली झाली. आणि त्यांपैकी दहा जण नोव्हेंबरात, घरच्या वाटेवर असता, विमान कोसळून ठार झाले. अकरावा, जमादार चिंत सिंग, युद्धगुन्ह्यांच्या चौकशीत साक्ष देण्यासाठी मागे राहिला होता म्हणून वाचला. सुटका आणि घर यांमधील अंतर म्हणजे काय, हे याहून निष्ठुरपणे सांगता येणार नाही.

पण स्वतंत्र भारताने या बाबतीत एक काम असे केले की, त्याचा अभिमान महाराष्ट्राने बाळगावा. कोरियाचे युद्ध १९५३ साली थांबले, तेव्हा बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी असे निघाले की, ते मायदेशी जावयास तयार नव्हते. उलट बाजूसही तीनशेंवर लोक होते. त्यांस सांभाळण्याचे व एकेकाची इच्छा जाणून घेण्याचे काम तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाकडे आले. मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या रखवालीस गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांस आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असा हट्ट धरल्यामुळे आमचे शिपाई हेलिकॉप्टरांतून युद्धबंदीच्या पट्ट्यात उतरवावे लागले. पुढे कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास कोंडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्या कोंडाळ्यात शिरले आणि गोळी न झाडता त्यास सोडवून आणले.

या कामगिरीतून संख्येने पाहता मोठे फळ निघाले, असे नव्हे. दोन्ही पक्षांच्या आडमुठेपणामुळे थोड्याच कैद्यांची रीतसर विचारपूस होऊ शकली, आणि बाकीचे १९५४ च्या जानेवारीत ज्याच्या त्याच्या बाजूस परत द्यावे लागले. तथापि तत्त्व म्हणून पाहता ती गोष्ट लहान नव्हती. कैदी म्हणजे मेंढरांचा कळप नव्हे, प्रत्येकास समोर बसवून तुला कोठे जावयाचे आहे असे विचारले पाहिजे, हे तत्त्व तेथे भारताच्या हाताने मांडले गेले. सदतीस वर्षांपूर्वी ज्यांच्या शिपायांची नावेही कोणी धड लिहून घेतली नव्हती, त्याच मुलखातील एक सेनानी परक्यांच्या कैद्यांस नावाने हाक मारून त्यांचे मन विचारीत होता. स्वराज्याचा अर्थ आम्हास यात दिसतो.

परंतु ज्या मापाने आम्ही इंग्रजांस मोजतो, त्याच मापाने स्वतःस मोजावयास आम्ही तयार असले पाहिजे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यास शरणागती झाली आणि सुमारे ९३,००० पाकिस्तानी लोक, त्यांत काही सहस्र नागरिकही, भारताच्या ताब्यात आले. त्यांची राहण्याजेवणाची व्यवस्था भारताने चांगली ठेवली. हे जगाने पाहिले. पश्चिम आघाडीवरील कैद्यांची अदलाबदल १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा येथे झाली व आपले सहाशेंहून अधिक सैनिक परतले. पण पूर्वेकडील कैद्यांची परतपाठवणी ठरली ती २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराने, आणि शेवटचा कैदी वाघ्याची सरहद्द ओलांडून गेला तो ३० एप्रिल १९७४ रोजी. म्हणजे लढाई थांबल्यावर सव्वादोन वर्षांहून अधिक काळ. भारताची बाजू अशी होती की, शरणागती भारत व बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली असल्याने बांगलादेशाच्या संमतीवाचून कैदी सोडता येत नव्हते, आणि पाकिस्तान तर बांगलादेशास मानावयासच तयार नव्हता. ही बाजू पोकळ नव्हती. बांगलादेशात जे अत्याचार झाले ते पाहता १९५ जणांवर खटले भरण्याची मागणीही न्याय्यच होती. तरीपण ११८ व्या कलमातील 'विनाविलंब' या शब्दाचा अर्थ सव्वादोन वर्षे असा करता येईल, असे कोणताही प्रामाणिक वकील म्हणणार नाही. कैदी हा तहाचा जामीन नव्हे. राजकारणाची अडचण खरी असली, तरी ती छावणीतल्या शिपायाच्या आयुष्यातून वसूल करू नये.

हा उपदेश आम्ही आमच्याच सरकारास का करतो? कारण विलंबाची व बेहिशेबी कारभाराची झळ फिरून आपल्यासच बसते. लढाई थांबून आठ महिने झाले तरी सुटकेचा दिवस कोणी सांगेना, म्हणून दिलीप परुळकर व त्यांचे दोन सहकारी वैमानिक १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ पकडले गेले. परुळकर पुढे १ डिसेंबरच्या अदलाबदलीत परतले आणि निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले. जे परतलेच नाहीत त्यांचे काय? युद्धकैदी मानलेले ५४ धरून एकूण ८३ बेपत्ता सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचा समज भारत सरकारने संसदेत वेळोवेळी सांगितला. आपल्याकडे असा एकही कैदी नाही, हे पाकिस्तानचे ठरलेले उत्तर. या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे नाव आहे. त्यांचे विमान १९७१ च्या डिसेंबरात शोरकोटवर पडले; पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी तिकडील एका पत्रात आली, तीत त्यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव होते. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी त्या एका छापील नावाच्या आधारावर अर्धशतकभर दाद मागितली. १९८३ व २००७ साली नातेवाईकांस पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले. हाती काही लागले नाही. कूतच्या हजार बेपत्त्यांची आणि या ५४ जणांची गोष्ट एकच आहे : ज्या दिवशी माणूस पकडला गेला त्या दिवशी त्याचे नाव तटस्थ तिसऱ्याच्या वहीत चढले नाही, की पन्नास वर्षांनीही ते चढविता येत नाही.

आणि हा प्रश्न केवळ गणवेशातील माणसांचा आहे, असेही नाही. पालघर जिल्ह्यातील आदिवासी खलाशी रोजीसाठी गुजरातेतील बोटींवर जातात; समुद्रातील न दिसणारी हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानी गस्तीच्या हाती सापडतात, आणि कराचीच्या मालीर तुरुंगात जाऊन पडतात. हे युद्धकैदी नव्हेत, हे खरे. परंतु दोन राष्ट्रांच्या वैरात सापडून, परक्याच्या बोटीवर मजुरीने गेलेला, कोणाच्या हजेरीपटावर धड नाव नसलेला हा खलाशी आम्हास कूतच्या त्या भिस्त्याचा व डोलीवाल्याचा वारस वाटतो. त्यांच्यासाठी दोन्ही देशांनी २१ मे २००८ रोजी करार केलेला आहे. त्यान्वये दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवघेव व्हावयाची, तीन महिन्यांत वकिलातीस भेट मिळावयाची, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यापासून एका महिन्यात माणूस परत पाठवावयाचा. याद्यांची देवघेव होत आली. पण एका महिन्याचे कलम मात्र दोन्ही बाजूंच्या कैद्यांच्या बाबतीत वारंवार मोडले गेले. शिक्षा संपलेला खलाशी राजकारणातील हवा पालटण्याची वाट पाहत तुरुंगातच बसतो. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची जी समिती अशा कैद्यांसाठी नेमली होती, तिचे काम २०१३ नंतर खुंटले.

यावर करावयाचे काय? आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. सैन्याबरोबर जाणारा प्रत्येक माणूस, मग तो शिपाई असो, सरहद्दीवरील हमाल असो वा ठेकेदाराचा मजूर असो, नाव, गाव व वारस यांसह एकाच पटावर चढला पाहिजे. पगाराचा पट वेगळा असू द्या, माणसाचा पट एकच असावा. कैद्यांविषयी माहितीची कचेरी लढाई लागल्यावर घाईने न उघडता शांततेतही चालू ठेवावी, आणि बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांस तिच्याकडून वर्षातून एकदा लेखी उत्तर मिळण्याचा हक्क असावा. न्यायमूर्तींची समिती पुन्हा कामास लावावी. आणि समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक खलाश्याची नोंद बोटमालकाने किनारा सोडण्यापूर्वीच करून, तिची प्रत त्याच्या ग्रामपंचायतीस द्यावी. म्हणजे तो पकडला गेला, तर त्याचे राष्ट्रीयत्व सिद्ध करण्यात महिने जाणार नाहीत.

शेवटची सूचना पुणेकरांस. पूना डिव्हिजनच्या नावात पुणे आहे; तिच्या माणसांच्या नावांची काळजीही पुण्यानेच वाहिली पाहिजे. लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्य ठाणे येथेच आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ येथेच आहे, आणि मराठा पलटणींचे केंद्र बेळगावास, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे. या तिघांनी मनावर घेतले, तर सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर या जिल्ह्यांतील गावोगावच्या पाट्यांवरील आकड्यांच्या जागी नावे भरून काढणे अशक्य नाही. पलटणींचे पट, पेन्शनीचे कागद, युद्धस्मारक आयोगाच्या वह्या, आणि घराघरांतील पेट्यांतून पडून असलेली पदके व पत्रे, यांचा मेळ घालण्याचे हे काम आहे. ते कष्टाचे आहे. पण त्यास मोठा पैसा लागत नाही.

असे करून कूतचा कोणी शिपाई आता घरी येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्या गावच्या पाटीवर 'इतके गेले' एवढेच लिहिले आहे, त्या गावास कोण गेले हे तरी कळेल. आणि जे राष्ट्र आपली शंभर वर्षांपूर्वीची हरवलेली माणसे नावानिशी शोधते, त्याच्या सरकारास आज परमुलखात अडकलेल्या माणसांविषयी 'चौकशी चालू आहे' एवढे उत्तर देऊन सुटता येणार नाही.